सोलापूर ते बिश्केक : मधल्या पायऱ्या

१७ ऑक्टोबर २०२५. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. आशियाई पात्रता स्पर्धेत भारताच्या १७ वर्षांखालील मुलींसमोर उझबेकिस्तानचा संघ होता आणि पहिला गोल उझबेक मुलींनी केला होता. मग थंडामोनी बास्केने बरोबरी साधली आणि अनुष्का कुमारीने दुसरा गोल मारला. २-१. चीनमधल्या २०२६ च्या आशियाई करंडकात भारताची जागा नक्की झाली. पात्रता फेरी खेळून या वयोगटाने मुख्य स्पर्धा गाठली ती पहिल्यांदाच.

त्याच वर्षी, ५ जुलैला, थायलंडच्या चिआंग मायमध्ये थोरल्या महिला संघाने यजमानांना २-१ असं हरवून आशियाई करंडकात जागा मिळवली होती. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. महिनाभरानं, १० ऑगस्टला, म्यानमारच्या यांगूनमध्ये २० वर्षांखालील मुलींनी यजमान संघाला १-० असं नमवलं आणि वीस वर्षांनी या वयोगटाच्या आशियाई करंडकात प्रवेश मिळवला. चार महिन्यांत तीन पात्रता. भारतीय फुटबॉलमध्ये, मुलांच्या आणि मुलींच्या मिळून, असं वर्ष सहसा येत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सीमेपलीकडे’ हा विषय दिला, तेव्हा मला हे तीन विजय आठवले. मुख्य स्पर्धांमध्ये पुढे काय होतं, याची चर्चा वर्तमानपत्रं करतातच. मला पाहायची होती ती सीमेच्या अलीकडची वाट. बिश्केकला पोचलेली मुलगी निघते कुठून? आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या मधल्या शहरातून ती निघू शकते का? या तिन्ही संघांचा कणा मणिपूर, झारखंड, ओडिशा, बंगाल, तमिळनाडू, हरियाणा इथल्या मुलींचा. आपल्या राज्यातली नावं शोधावी लागतात. २०२२ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वकरंडक झाला, तेव्हा भारतीय संघात पुण्याची काजोल डिसोझा होती. पण पुण्याच्या पलीकडे, पूर्वेला अडीचशे किलोमीटरवर काय आहे?

म्हणून सोलापूरला गेले. फुटबॉलसाठी नाव नसलेलं, कष्टाळू, चार भाषा बोलणारं शहर. मुलींच्या खेळात मात्र हा जिल्हा मागासलेला मुळीच नाही. खो-खोत राज्याच्या संघाला तो वर्षानुवर्षे मुली देत आलाय.

पाच दिवसांत तीन सामने

मैदानावर जाण्याआधी पात्रता फेरी चालते कशी, ते समजून घ्यायला हवं. तिची रीत कठोर आहे, आणि ती कळली की सोलापुरात नेमकं काय पाहायचं, तेही कळतं.

आशियाई महासंघाने २०२६ साठी मुलींच्या दोन्ही वयोगटांची मुख्य स्पर्धा बारा संघांची केली. १७ वर्षांखालील गटात चीनला यजमान म्हणून थेट जागा मिळाली. उत्तर कोरिया, जपान आणि दक्षिण कोरिया आधीच्या स्पर्धेतल्या पहिल्या तीन क्रमांकांमुळे आत आले. उरल्या आठ जागा. त्यांच्यासाठी आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही. २० वर्षांखालील गटात जरा सैल नियम होता : आठ गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम तीन संघ यजमान थायलंडबरोबर खेळणार होते.

यांगूनला भारताने ६, ८ आणि १० ऑगस्ट असे तीन सामने खेळले. इंडोनेशियाशी ०-०, तुर्कमेनिस्तानवर ७-०, म्यानमारवर १-०. पाच दिवसांत तीन वेळा पूर्ण नव्वद मिनिटं, ऑगस्टच्या दमट हवेत. इथे एखाद्या दिवशी चमकून भागत नाही. पहिल्या दिवशी बरोबरी झाली तरी डोकं शांत ठेवावं लागतं, दुबळ्या संघाविरुद्ध पाचवा-सहावा गोलही तितक्याच भुकेनं करावा लागतो, आणि पाचव्या दिवशी पायांत जोर उरावा लागतो.

तो पाचवा-सहावा गोल का महत्त्वाचा, हे याच वयोगटाने मार्च २०२३ मध्ये व्हिएतनाममध्ये अनुभवलं होतं. मेमॉल रॉकी या गोव्याच्या प्रशिक्षिकेच्या हाताखाली त्या संघाने सिंगापूरला ७-० आणि इंडोनेशियाला ६-० हरवलं, व्हिएतनामशी १-१ बरोबरी केली. एकही सामना न हरता मुली घरी परतल्या, कारण गुण सारखे होते आणि गोलफरकात व्हिएतनाम पुढे होता.

अशा परीक्षेला बसणाऱ्या मुलीला एक गोष्ट भरपूर मिळालेली असावी लागते : सामने. सराव तर हवाच. पण थकलेल्या पायांनी घेतलेला निर्णय, पिछाडीवर असताना राखलेला तोल, पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर पुन्हा खेळात परतणं, हे सगळं सामन्यातच शिकता येतं. सोलापुरात मी हेच शोधत होते. इथली तेरा वर्षांची मुलगी वर्षाला किती सामने खेळते?

सकाळचं मैदान

सोलापुरात मैदानं नाहीत असं नाही. कुमठा नाक्यावर जिल्हा क्रीडा संकुल आहे, नेहरूनगरला शासकीय मैदान आहे, शहराच्या मधोमध पार्क मैदान, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम आहे. २०२४ च्या जानेवारीत तिथे महाराष्ट्राचा रणजी सामना झाला आणि शहर लोटलं. शाळांची स्वतःची मैदानंही आहेत. प्रश्न आहे तो वेळेचा आणि वाट्याचा.

मी ज्या मैदानावर सकाळी पोचले ते मुरमाड होतं. एका अंगाला क्रिकेटच्या दोन नेट, कडेनं फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक, दुसऱ्या कोपऱ्यात पोलिस भरतीच्या तयारीची मुलं-मुली गोळा फेकत होती. उरलेल्या तुकड्यात पंधरा-सोळा मुली. आल्या आल्या पहिलं काम खडे वेचण्याचं. घसरून चेंडू काढायला गेलं की गुडघा सोलतो, म्हणून इथल्या डिफेन्सच्या मुली घसरतच नाहीत, उभ्यानंच पाय घालतात. ही सवय पुढे हिरवळीवर खेळताना नडते, असं त्यांच्या सरांनी मला सांगितलं. सर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. सकाळचं हे दीड-दोन तासांचं काम त्यांच्या पगारात धरलेलं नाही.

शंकू मांडले गेले, बिब वाटले गेले. स्टडचे शूज निम्म्या मुलींकडे, उरलेल्या कॅनव्हासवर. वर्तुळात उभं राहून मधल्या दोघींना चेंडू मिळू द्यायचा नाही, हा सराव सुरू झाला आणि मैदानाचा आवाज बदलला. “दे की बे!” “मागं बघ, मागं!” मराठीत सुरू झालेली हाक तेलुगूत संपते, कन्नडमधून उत्तर येतं, गोलकीपर दखनीतून ओरडते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली, अक्कलकोटकडून शहरात आलेली, मुस्लिम मोहल्ल्यातली, रेल्वे कॉलनीतली अशा मुली एका संघात होत्या. एकमेकींच्या भाषेतले फुटबॉलपुरते लागणारे शब्द सगळ्यांना येतात.

त्यांच्यात एक बारकी मुलगी होती, डाव्या पायाची. चेंडू घेण्याआधी ती दर वेळी मान वळवून मागे पाहायची. मोठ्या प्रशिक्षणकेंद्रांत ही सवय लावायला महिने घालवतात. तिला ती कुणी लावली, असं सरांना विचारलं. कुणी नाही, असं ते म्हणाले. गल्लीत भावांबरोबर खेळताना मागून धक्का बसू नये म्हणून ती आपसूक पाहायला लागली होती.

आठच्या सुमाराला ऊन चढलं आणि सराव थांबला. एप्रिल-मे महिन्यांत इथलं तापमान चाळिशी सहज ओलांडतं. तेव्हा मैदानं याहून लवकर रिकामी होतात.

हरलं की संपलं

मुलींच्या फुटबॉलला जिल्ह्यात आधार आहे तो शालेय स्पर्धांचा. क्रीडा व युवक सेवा संचालनालय त्या घेतं. पावसाळ्यात सुब्रतो करंडकाच्या आणि शालेय फुटबॉलच्या तारखा लागतात. सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण हे दोन वेगळे ‘जिल्हे’ मानले जातात. तिथे जिंकलेला संघ पुणे विभागात जातो, पुण्याच्या, पिंपरी-चिंचवडच्या, अहिल्यानगरच्या संघांना भिडतो. तिथून राज्य, मग राष्ट्रीय.

कागदावर ही शिडी सरळ दिसते. मैदानावर ती बाद पद्धतीची आहे. हरलं की त्या वर्षापुरतं संपलं. ज्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरतो, त्या शाळेतल्या मुलीचा हंगाम एका सकाळीत आटोपतो. जिंकणाऱ्या संघालाही मुलींच्या गटात प्रवेशिका कमी असल्याने दोन-तीन सामन्यांत अंतिम फेरी गाठता येते. शालेय सामन्यांचा वेळही पूर्ण नव्वद मिनिटांचा नसतो. स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकायची, मैदान दुसऱ्या खेळाला मोकळं करून द्यायचं, असा सगळा मामला.

मग विभागाला जायचं. पहाटे उठून गाडी गाठायची, दुपारी पुण्यात उतरायचं, कधी त्याच दिवशी मैदानात उभं राहायचं. समोरच्या संघातल्या मुली वर्षभर अकादमीत खेळणाऱ्या, क्लबच्या लीगमध्ये उतरणाऱ्या. दोन संघांमधलं अंतर पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं, आणि ते अंगच्या गुणांचं नसतं. सोलापूरची मुलगी चेंडू तितकाच छान थांबवते. पण थांबवल्यावर पुढे काय करायचं, हे ठरवायला तिला एक क्षण जास्त लागतो. तो क्षण सामने खेळूनच कमी होतो.

कोल्हापूरशी तुलना इथे आपोआप मनात येते. कोल्हापुरात फुटबॉल पेठांमधून, तालमींमधून वाढला. शाहू स्टेडियमवर लीगचे सामने पाहायला गर्दी होते. त्या मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वकरंडकात खेळला, आणि ‘एफसी कोल्हापूर सिटी’चा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगपर्यंत गेला. तिथे मुलगा असो की मुलगी, सामना पाहायला मिळतो, मोठ्यांचा खेळ डोळ्यांखालून जातो. सोलापुरातल्या मुलींनी मोठ्या बायकांचा फुटबॉल सामना प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्यांनी तो मोबाइलवर पाहिलाय.

घरचा हिशोब

सोलापुरात हजारो बायका विडी वळतात. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, पानं भिजवायची, कापायची, वळायची, बांधायची आणि हजारावर मजुरी घ्यायची. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. तिकडच्या किंवा पूर्व भागातल्या घरात मुलीचा वेळ तिच्या एकटीचा नसतो. आई मांडीवर सूप घेऊन बसली की स्वयंपाक, धाकट्याची शाळा, पाणी हे मुलीकडे येतं. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करत असतील, तर सकाळी घर झोपलेलं असतं आणि तिने आवाज न करता निघायचं असतं.

त्यात पाणी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी सरावाला मुली निम्म्या. सरांना आता कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी येतं, ते तोंडपाठ आहे. त्यानुसार ते संघ पाडतात. खेळाचं नियोजन म्हणजे काय, हे मला त्यात दिसलं.

घरचा विरोध मात्र मला वाटला होता त्यापेक्षा कमी आढळला. आया पाठीशी उभ्या आहेत. हाफ पँटचा प्रश्न लेगिंग घालून सुटतो, डोकं झाकायचं असेल तर झाकून खेळता येतं, फुटबॉलच्या नियमांत त्याला मुभा आहे. पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ शौचालय ही मात्र रोजची अडचण आहे, आणि ती बांधकामानं सुटणारी आहे. खरा कस लागतो तो दहावीच्या वर्षी. तेव्हा घर विचारतं, याचा उपयोग काय? उत्तरात दोन गोष्टी सांगता येतात : बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. दोन्हीसाठी स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्र लागतं. म्हणून मुली विभागाच्या पुढे जायला इतक्या धडपडतात. त्या कागदावर खेळ चालू राहणार की थांबणार, ते ठरतं.

कागदांची आणखी एक बाजू आहे. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारीखच सगळं ठरवते. २०२६ च्या १७ वर्षांखालील आशियाई करंडकासाठी १ जानेवारी २००९ चा किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. एखाद्या मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला यांत तीन वेगळ्या तारखा असतील, तर तिची गुणवत्ता अर्जाच्या खिडकीशीच अडते. ही दुरुस्ती दहाव्या वर्षी सोपी असते, सोळाव्या वर्षी जीवघेणी. पहिल्या दिवशी शूज देण्याआधी मुलीचे दाखले तपासणारा प्रशिक्षक म्हणूनच मला दूरदृष्टीचा वाटला.

निवड होते, खेळ होत नाही

राज्याला फुटबॉलची आठवण येत नाही, असं म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’च्या दिवशी महाराष्ट्रभर शाळाशाळांत चेंडू लाथाडले गेले. अलीकडे ‘महादेवा’ हा उपक्रम आला : १३ वर्षांखालील तीस मुलं आणि तीस मुली राज्यभरातून निवडायच्या आणि पाच वर्षं त्यांना शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण द्यायचं. १४ डिसेंबर २०२५ ला लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा या मुलांचं कौतुक झालं. मुलींना मुलांइतक्याच जागा, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट. केंद्राच्या खेलो इंडियाची ‘अस्मिता’ लीग मुलींसाठीच आहे. थोरल्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला तर आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे.

हे सगळं हवंच. पण निवड चाचणीच्या दिवशी नेमकं काय होतं, ते पाहा. शे-दोनशे मुली येतात, प्रत्येकीला काही मिनिटं मिळतात. निवडणाऱ्याला वेग दिसतो, उंची दिसते, चेंडूवरचा ताबा दिसतो. मान वळवून मागे पाहण्याची सवय दिसायला सामना पुरेसा लांब असावा लागतो आणि पाहणाऱ्यानं ती मुलगी पुन्हा पुन्हा पाहिलेली असावी लागते. चाचणीत निवडली गेलेली एक मुलगी पुढे जाते. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी खेळायला काहीच नसतं.

ज्या भागांनी भारताला मुली दिल्या, तिथे खेळ आधी होता आणि निवड मागून आली. झारखंडच्या गावांत ‘खस्सी’ स्पर्धा होतात. बक्षीस बोकडाचं, मैदान गावाचं, प्रेक्षक पंचक्रोशीतले. मुलीही त्यात खेळतात. गुमला जिल्ह्यातल्या अशाच गावातून आलेली अष्टम उरांव २०२२ च्या विश्वकरंडकात भारताची कर्णधार होती. त्या दिवसांत तिच्या घरापर्यंत रस्ता बांधला जात होता आणि त्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत होते. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा हे एकच गाव. तिथल्या सरकारी शाळेच्या मैदानावर क्रीडाशिक्षकानं मुलींच्या पायात चेंडू दिला आणि संजू यादवसारखी भारताची खेळाडू घडली, गावाचा क्लब इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला. दोन्ही ठिकाणी पैसा नव्हता. वर्षभराचे सामने होते.

राष्ट्रीय संघाच्या पातळीवरही हेच गणित दिसतं. २०२२ च्या विश्वकरंडकात यजमान म्हणून थेट उतरलेल्या आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. त्या संघातली शुभांगी सिंह तीन वर्षांनी यांगूनला २० वर्षांखालील संघाची कर्णधार होती. बिश्केकला जिंकलेला संघ त्याआधी ऑगस्टमध्ये भूतानला दक्षिण आशियाई स्पर्धेत खेळला. तिथे प्रत्येक संघाशी दोनदा गाठ होती, म्हणजे थोड्या दिवसांत सहा सामने. भारताने ती स्पर्धा जिंकली. दीड-दोन महिन्यांनी उझबेकिस्ताननं पहिला गोल केला तेव्हा या मुली विस्कटल्या नाहीत, यामागे त्या सहा सामन्यांचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

आठ संघ, एक मैदान

सोलापूरला यातून घेण्यासारखं काय आहे? याचं उत्तर याच जिल्ह्याच्या खो-खोनं दिलेलं आहे. खो-खोत इथल्या मुली पुढे आहेत, कारण तिथे मंडळं आहेत, रोज संध्याकाळी मैदान भरतं, मोठ्या मुली लहानींना घडवतात आणि गावोगावच्या स्पर्धा वर्षभर चालू असतात. हीच घडी फुटबॉलला बसवायची आहे.

आठ संघ जमवता येतील. शहरातल्या शाळा, विडी कामगारांच्या वसाहती, रेल्वे कॉलनी, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी, अकलूज अशा ठिकाणांहून. बाद पद्धत नको. प्रत्येक संघानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. म्हणजे प्रत्येक मुलीला हंगामात चौदा सामने आणि जिल्ह्यात एकूण छप्पन्न. दर रविवारी एक मैदान सकाळच्या वेळेपुरतं फक्त मुलींच्या नावानं राखून ठेवायचं. पंच म्हणून महाविद्यालयातल्या मुलींनाच तयार करायचं, म्हणजे शिट्टीही त्यांच्या हातात येईल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे सामने पूर्ण नव्वद मिनिटांचे ठेवायचे. मैदानाजवळ कपडे बदलायची खोली, शौचालय आणि पिण्याचं पाणी. आणि प्रत्येक मुलीची एक नोंदवही, जिच्यात तिचे दाखले, तिचे सामने, तिच्या दुखापती लिहिलेल्या असतील. निवड समितीचा माणूस आला की त्याला एका सकाळची धावपळ दाखवायची नाही, चौदा सामन्यांची वही दाखवायची.

यात नवं स्टेडियम बांधायचं नाही. परदेशी क्लबशी करारही करायचा नाही. महानगरपालिका, जिल्हा क्रीडा कार्यालय, जिल्ह्याची फुटबॉल संघटना, शाळा आणि शहरातले उद्योजक एका टेबलाशी बसले, तर हे होतं. चादरी-टॉवेल जगभर पाठवणाऱ्या या शहराला आठ संघांचे जर्सी-शूज जड नाहीत.

माझी खात्री आहे की मान वळवून मागे पाहणारी ती डाव्या पायाची मुलगी सोलापुरात एकटी नाही. तिच्यासारख्या मुली पंढरपुरात असतील, बार्शीत असतील, लातूर-नांदेडलाही असतील. त्यांतली प्रत्येक जण भारताकडून खेळणार नाही. पण प्रत्येकीला आपली परीक्षा पुरी देण्याइतके सामने मिळाले पाहिजेत, आणि ते देणं हे मोठ्यांचं काम आहे. काही वर्षांनी पात्रता फेरीचे गट पडतील तेव्हा त्या वयोगटात बसणाऱ्या मुली आज अकरा-बारा वर्षांच्या आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची गरज नाही. दिवाळीची सुट्टी संपली की येणाऱ्या पहिल्या रविवारी दोन संघ, एक पंच आणि एक चेंडू घेऊन सोलापूरची लीग सुरू करता येईल.